पत्रावळीवरचं नाव

आमच्या गल्लीत पुण्यवान माणसांची टंचाई कधीच नव्हती. टंचाई होती ती पाणी वाहून जायच्या वाटेची. नांदेडात गंगेच्या काठाला, म्हणजे पुस्तकातल्या गोदावरीच्या काठाला, आमची गल्ली उतरत जाते. वरच्या तोंडाला महादेवाचं देऊळ. देवळाच्या मागच्या भिंतीला लागून नाला. तो नाला गल्लीच्या पाठीपाठीनं खाली येतो आणि नळकांडी पुलाच्या नळ्यांतून गंगेला मिळतो. मिळतो म्हणजे, आम्ही मिळू दिला तर. मी इथल्याच शाळेत मास्तरीण होते. आता रिटायर झाले, त्यामुळे चुका अजून दिसतात, पण तपासायला कुणी काही देत नाही.

या गल्लीतला सगळ्यात पुण्यवान माणूस म्हणजे शरणप्पा हलकुडे. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि दुकान पत्रावळी-द्रोण-ग्लासांचं. नाव 'नंदीश्वर पत्रावळी भांडार'. आधी थर्माकोलच्या थाळ्या असत. सरकारनं त्यावर बंदी आणली तेव्हा अप्पांनी एका दिवसात थर्माकोल सोडलं आणि कागदी पत्रावळी आणली. त्या कागदावर चांदीसारखं चकचकीत प्लास्टिक चिकटवलेलं असतं, ते सोडलं तर ती शंभर टक्के कागदाचीच. दुकानाच्या बोर्डावर त्यांनी हिरव्या रंगात 'इको' असं लिहून घेतलं. तेवढ्यानं निसर्गाचं समाधान व्हायला हरकत नव्हती.

अप्पा मूळचे उदगीरचे. त्यांचे वडील पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावायचे. उदगिरातली कितीतरी लग्नं त्या पानांवर जेवली. ते वारले तेव्हा अंत्ययात्रा बाजारातून चालली होती आणि एका दुकानदारानं दुसऱ्याला विचारलं, "कोण गेलं?" दुसरा म्हणाला, "कुणी न्हाई, पत्रावळीवाला." हे शब्द तरण्या शरणप्पांच्या कानावर पडले आणि तिथंच रुतून बसले. मला त्यांनी ही गोष्ट पुष्कळदा सांगितली आणि दरवेळी शेवट एकच असायचा.

"बाई, सगळं गाव बापाच्या हातच्या पानावर जेवलं आन् नाव एकाला बी ठाव न्हाई. म्या तवाच ठरवलं. माणूस जेवाया बसला की त्याच्या डोळ्यापुढं माजं नाव पायजे."

माणसाला असं काही एक वेड असतं. कुणाला जमिनीचं, कुणाला पोराला डॉक्टर करायचं. अप्पांना हे होतं आणि खरं सांगायचं तर त्यात वाईट काही नव्हतं. वाईट एवढंच की त्यासाठी त्यांच्या हाती जी वस्तू आली होती ती जेवण झाल्यावर कुणालाच नको असते.

श्रावणातल्या दर सोमवारी आमच्या देवळात भंडारा असतो. पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात आणि हुग्गी, म्हणजे गुळातली गव्हाची खीर. पंक्तीला लागतील तितक्या पत्रावळ्या आणि ग्लास अप्पांकडून फुकट. कमिटीचे अध्यक्ष ग्यानोबा माइकवर घोषणा करत, "पत्रावळीचे दाते, दानशूर शरणप्पा हलकुडे, यांचं कमिटी आभारी हाय." ग्यानोबांना माइक मिळाला की त्यांचं जेवण राहिलं तरी चालतं. अप्पा खांबाजवळ हात जोडून उभे राहत आणि दुसरीकडे बघत असल्याचं दाखवत.

आमच्यापासून हाकेच्या अंतरावर गुरुद्वाऱ्यात रोज किती माणसं लंगर जेवतात, देव जाणे. सगळी स्टीलच्या ताटात. ताटं गोळा होतात, घासली जातात आणि दुसऱ्या पंक्तीला हजर. आमच्या गल्लीतले कितीतरीजण तिथं सेवेला जातात, भक्तिभावानं ताटं घासतात आणि घरी येऊन म्हणतात, "आपल्याकडं असं जमत न्हाई." का जमत नाही, ते विचारलं की त्यांना घाईचं काम आठवतं.

तर भंडारा संपला की पत्रावळ्या रस्त्यावर. कुत्री त्या ओढत, गाई त्या चघळत, उरलेल्या वाऱ्यानं नाल्यात जात आणि नाल्यातून नळकांडी पुलाकडे. आणि त्या पुलाला लागून, गल्लीच्या अगदी तळाला, अयोध्याची पिठाची गिरणी.

अयोध्याचा नवरा धर्माबादला मिरचीच्या आडतीवर हमाली करतो आणि आठवड्याला एकदा घरी येतो, शिंकत. गिरणी एकटी अयोध्याच चालवते. ज्वारी, गहू, डाळीचं पीठ आणि उन्हाळ्यात तिखट. बोलणं चक्कीच्या आवाजावर चढवून बोलायची सवय, त्यामुळे तिनं "बसा" म्हटलं तरी माणूस दचकतो. एका पावसाळ्यात नळ्या तुंबल्या, नाल्याचं पाणी उलटं फिरून गिरणीत आलं आणि मोटार जळाली. कशीबशी नवी बसवली. ती पुन्हा जळली तर तिसरी बसवायचं त्राण तिच्यात नव्हतं. मग गिरणीला कुलूप आणि नवऱ्यामागं धर्माबादला जाऊन दिवसभर मिरच्यांचे देठ तोडायचे, हे तिनं मला स्वतः सांगितलं होतं. ती दर पावसाळ्याच्या तोंडाला अप्पांच्या दुकानात जायची.

"अप्पा, तेवढा श्रावण त्या पत्रावळ्या देऊ नका ओ. माजी मोटार जातीय."

"आक्का, म्या फकस्त देतो. टाकणारे लोक टाकत्येत. त्याला म्या काय करू?"

हे उत्तर इतकं बरोबर होतं की त्याच्यावर काही बोलताच यायचं नाही. अयोध्या तणतणत परत यायची.

अशा परिस्थितीत मंजुषाताई आल्या. पुण्याच्या एका संस्थेत होत्या, वयानं लहान, मनानं स्वच्छ आणि पाठीवरच्या पिशवीत स्टीलची बाटली. संस्थेला पैसा मिळाला होता समुद्रकाठच्या वस्त्यांत हवामानबदलाची जाणीव करून देण्यासाठी आणि कचरा कमी करण्यासाठी. पण समुद्रकाठी संस्थांचीच इतकी गर्दी झाली होती की यांना जाणीव करून द्यायला माणूस शिल्लक राहिला नव्हता. तेव्हा वरच्या कुणी साहेबांनी ठरवलं की पाण्याला धोका असलेली वस्ती कुठलीही चालेल. वस्ती बदलली. पोस्टरं मात्र आधीच छापून झाली होती.

त्यामुळे आमच्या महादेवाच्या सभामंडपात एके दुपारी मोठमोठी समुद्री कासवं लागली. एका चित्रात कासव पिशवी गिळत होतं. दुसऱ्यात माडाची झाडं पाण्यात बुडत होती. ज्या गल्लीनं नारळ फक्त फोडण्यापुरता पाहिलाय, ती गल्ली मान वर करून माड बघत बसली. मंजुषाताईंनी समुद्राची पातळी कशी वाढतेय ते मनापासून समजावलं. ग्यानोबांनी गंभीरपणे विचारलं, "म्हंजी आपल्यापत्तुर कवा येईल?"

अयोध्या पिठानं पांढऱ्या झालेल्या हातांनीच उभी राहिली.

"ताई, समुद्र ऱ्हाऊ द्या. पाऊस आता पयल्यासारका पडून राह्यला न्हाई. महिनाभर गायब ऱ्हातो आन् मग एका दिसात सगळा ओततो. वरून विष्णुपुरी धरनाचे दरवाजे उघडले की गंगा फुगती. त्याच्या आत नाला वाहून जाया पायजे. आन् तो जात न्हाई, कारन नळ्यात पत्रावळ्या बसल्यात. त्याचं काय करायचं ते सांगा."

खरं म्हणजे सगळं व्याख्यान तिनं चार वाक्यांत संपवलं होतं. पण व्याख्यानाची वेळ अजून शिल्लक होती, त्यामुळे कासवांकडे परत जावं लागलं. शेवटी मंजुषाताई एवढं म्हणाल्या की नुसतं 'करू नका' सांगून लोक ऐकत नाहीत, लोकांच्या श्रद्धेला हात घालून संदेश दिला पाहिजे. मग चहा झाला, कागदी कपात. त्या दिवशीचे कप आणि नाश्त्याच्या प्लेटा अप्पांकडून फुकट होत्या, म्हणून ताईंनी तिथल्या तिथं त्यांना गल्लीचे 'हवामान मित्र' केलं आणि कासवाचं चित्र असलेलं प्रमाणपत्र दिलं. अप्पांनी ते चौकटीत घालून गल्ल्याच्या वर लावलं.

श्रद्धेला हात घालण्याचं वाक्य मात्र अप्पांच्या डोक्यात बसलं. त्यांनी आपल्या परीनं विचार केला. तहसिलाच्या जिन्यात, दवाखान्याच्या भिंतीला, जिथं जिथं लोक पान खाऊन थुंकतात तिथं कोपऱ्यात देवाच्या टाइल्स बसवतात. लगेच थुंकणं बंद. देवावर कोण थुंकेल? मग पत्रावळीवर देवाचं नाव असलं, तर ती रस्त्यावर कोण टाकेल?

मला सांगायला आले तेव्हा त्यांचा चेहरा पोरासारखा फुलला होता. पत्रावळीच्या काठावर गोल 'ॐ नमः शिवाय', खाली 'गंगामाय वाचवा' आणि त्याखाली 'सौजन्य : शरणप्पा हलकुडे'. शेवटची ओळ तिन्हींत ठळक होती.

"अप्पा," मी म्हटलं, "लोक रस्त्यावर टाकणार नाहीत हे कळलं. मग टाकतील कुठं?"

"बाई, तुमी लई खोलात जाता," अप्पा म्हणाले आणि हसले. घरात त्यांची बायको मल्लम्मा चुलीपुढून एवढंच म्हणाली, "उष्ट्यावर द्यावाचं नाव कशाला वो?" पण मल्लम्माचं बोलणं त्या घरात शिट्टी झालेल्या कुकरसारखं, ऐकू येतं पण कुणी उठत नाही.

श्रावणातला पहिला सोमवार झाला आणि चमत्कार घडला. रस्ता स्वच्छ. एक पत्रावळ दिसेना. लोक जेवून उठले, हातातल्या उष्ट्या पत्रावळीकडे पाहिलं आणि घोटाळ्यात पडले. रस्त्यावर टाकवेना, पायाखाली येईल. घंटागाडीत टाकवेना, तिथं काय काय असतं ते सगळ्यांना माहीत. जाळवेना, देवाच्या नावाला आग कोण लावणार? असली वस्तू गंगेत सोडायची, हे आमच्याकडं पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक असतं. गंगा जरा लांब. पण देवळामागचा नाला शेवटी गंगेलाच मिळतो ना? झालं. माणसं रांगेनं देवळाच्या मागच्या भिंतीशी गेली, चपला काढल्या, पत्रावळ कपाळाला लावली, "हर हर महादेव" म्हटलं आणि अदबीनं नाल्यात सोडली. पूर्वी निम्म्या पत्रावळ्या तरी कुत्री-गाई वाटेत संपवायची. आता एकही वाया गेली नाही.

अयोध्यानं त्याच दिवशी भिंतीशी उभं राहून एकेकाला अडवलं. लोकांनी तिच्याकडे असं पाहिलं जसं ती देवदर्शनाला आडवी आलीय. ग्यानोबा म्हणाले, "आगं, द्यावाच्या कामात मोडता घालू नगंस. चांगलं न्हाई." मंजुषाताईंना फोटो गेले, स्वच्छ रस्त्याचे. त्यांचं उत्तर आलं, "अप्रतिम! हाच वर्तनबदल!" मी त्यांना नाल्याचा फोटो पाठवला. तो बहुतेक उघडला नाही, किंवा अहवालात बसला नाही.

बाकीचे सोमवार तसेच झाले. शेवटच्या सोमवारनंतर दोन दिवसांनी पाऊस आला, तोही अयोध्यानं सांगितला होता तसा. महिनाभराचा हिशोब एका सकाळी मिटवल्यासारखा. आणि त्यातच निरोप फिरला की वरचं धरण भरलंय, दुपारनंतर विष्णुपुरीचे दरवाजे उघडणार, नदीकाठच्यांनी सावध राहावं. म्हणजे दुपारपर्यंत गंगेला जागा होती. तोवर नाला उतरला तर ठीक. एकदा गंगा फुगली की मग नाल्याला जायला वाटच नाही, सगळं पाणी गिरणीत.

आम्ही खाली गेलो तेव्हा नाल्याचं पाणी गिरणीच्या उंबऱ्याला लागलं होतं. अयोध्यानं धान्याचे डबे माळ्यावर टाकले होते, पण मोटार खाली फाउंडेशनला नटबोल्टांनी जखडलेली, आणि बोल्ट गंजलेले. हनुमंत नावाचा धिप्पाड गडी पान्याला लटकून थकला. त्याच्या बोटांची सालं निघाली, बोल्ट हलला नाही. अलीकडे पाणी तुंबून चढतंय, आणि पुलाच्या पलीकडे नळ्यांतून बोटभर धार. नळ्यांच्या तोंडाशी पत्रावळ्यांचा भलामोठा गठ्ठा बसला होता. एकावर एक, एकीला एक चिकटलेल्या, चकचकीत, आणि प्रत्येकीच्या काठावर 'ॐ नमः शिवाय'.

आता यापुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मलाही खोटं वाटलं असतं. गल्लीतले सगळे बाप्ये फावडी-पहारी घेऊन आले, नाल्याच्या काठाशी पोचले, आणि तिथं त्यांनी चपला काढल्या. मग हात जोडून उभे राहिले.

"उभं काय ऱ्हायलात?" अयोध्या ओरडली. "उतरा की! काढा त्ये!"

हनुमंत फावडं खाली ठेवून म्हणाला, "वैनी, फावडं कसं मारू? द्यावाचं नाव हाय."

"आन् पाय तर पडनारच," ग्यानोबा म्हणाले. "आत उतरायचं म्हंजी त्याच्यावरच उभं ऱ्हावं लागतंय. कुनी जंगमाला विचारून तरी या."

जंगम म्हणजे लिंगायतांचे पुजारी. ते गेले होते लातूरला, कुणाच्या तरी गृहप्रवेशाला. फोन लावला, लागेना. पाऊस पडतोय, पाणी चढतंय आणि आमची गल्ली जंगमाला रेंज यायची वाट बघतेय. मला इतका संताप आला की मी छत्री मिटून सरळ ग्यानोबांच्या पायाशी आपटली. "उष्टं नाल्यात टाकताना पाप लागलं नाही, आता लागतं?" म्हटलं. कुणी वर बघितलं नाही. शाळेतही असंच व्हायचं, उत्तर येत नसलं की सगळा वर्ग पाटीकडे बघायचा.

तेवढ्यात अप्पा आले. कुणीतरी त्यांना बोलावून आणलं असावं. इस्त्रीचा सदरा पाण्यानं अंगाला चिकटलेला. त्यांनी तो गठ्ठा पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. ते नाल्यात उतरले, काठाच्या दगडावर पाय रोवून वाकले आणि वरची एक पत्रावळ सोडवली. ती कपाळाला लावली आणि वर हनुमंताकडे दिली. हनुमंतानं ती धोतरावर घेतली. मग दुसरी. कपाळाला लावली, वर दिली. मग तिसरी. तेवढ्यात वरून पाण्याबरोबर नव्या आणखी आल्या आणि गठ्ठ्याला चिकटल्या. लोकांना मात्र फार बरं वाटलं. काम शास्त्राप्रमाणे सुरू झालं होतं.

अयोध्या गिरणीच्या दारात घोटाभर पाण्यात उभी होती. मोटारीच्या फाउंडेशनला पाणी टेकलं होतं. तिनं पदर खोचला आणि ती नाल्याकडे निघाली.

"आक्का, तू नगं!" अप्पा ओरडले. "तुज्या पायाला पाप लावून घेऊ नगंस."

अयोध्या थांबली. ती त्या दिवशी पहिल्यांदाच हळू बोलली, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

"अप्पा, एक खरं सांगा. हे नाव तुमी द्यावासाठी छापलं, का तुमच्यासाठी?"

अप्पांच्या हातात एक पत्रावळ होती. ती त्यांनी कपाळापर्यंत नेली होती, तिथंच थांबवली. काठावरची देवाची अक्षरं पाण्यानं फिकट झाली होती. खालची ठळक ओळ शाबूत होती.

त्यांनी पत्रावळ खाली सोडली. गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आतून वर घेतलं, डोळ्याला लावलं आणि मागं पाठीवर टाकलं. "शिवा, तप्पायतु," असं पुटपुटले. उदगीरकडचं कानडी बोलणं, चुकलं माझं, एवढाच अर्थ. आणि दोन्ही पाय उचलून त्या गठ्ठ्याच्या मधोमध उडी मारली.

काठावरून एकदम "आऽ" असा आवाज आला. अप्पा नाचत होते, दुसरा शब्द नाही. टाचा मारत होते, लाथा मारत होते, गठ्ठा पायाखाली तुडवत होते आणि तोंडानं एकसारखं शिवा शिवा चाललं होतं. डोळ्यांतून पाणी, की पाऊस, मला सांगता येणार नाही. मला स्वतःला मात्र रडू आलं होतं. गठ्ठा हलला, मग एका बाजूनं फाटला आणि मोठा आवाज करून नळ्यांतून पलीकडे गेला. त्याबरोबर अप्पाही गेले असते, पण हनुमंतानं सदऱ्याची कॉलर धरली. नळीच्या लोखंडी सळईनं पोटरी फाटली, तेवढंच. पाणी बघता बघता उतरायला लागलं. गिरणीत मोटार फाउंडेशनवर कोरडी उभी होती. दुपारी दरवाजे उघडले, गंगा फुगली, तेव्हा नाला रिकामा झाला होता.

गल्लीला अप्पांचं फार कौतुक वाटलं. ते कौतुक संध्याकाळच्या चहापर्यंत टिकलं. चहाबरोबर कुणीतरी म्हणालं, "पर कायबी म्हना, द्यावाच्या नावावर पाय दिला." दुसरं म्हणालं, "एक न्हाई, दोनी." रात्रीपर्यंत ते घरोघरी पोचलं. ज्यांनी पत्रावळ्या नाल्यात टाकल्या ते सुटले, कारण त्यांनी हातानं टाकल्या होत्या आणि नमस्कार केला होता. ज्यानं काढल्या तो पापी ठरला, कारण पायानं काढल्या. आमच्या गल्लीचा न्याय असा चोख आहे.

जंगम लातूरहून परत आले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "पूर आला तवा देव काय पत्रावळीत बसला होता का? काढलं ते बरं केलं." हे उत्तर सोयीचं नसल्यामुळे कुणी लक्षात ठेवलं नाही. कमिटीची बैठक झाली. ग्यानोबांनी अत्यंत दुःखी होऊन सांगितलं की आपल्या मनात काही नाही, पण लोकभावना आहे. यापुढं शरणप्पांच्या हातची पत्रावळ भंडाऱ्याला चालणार नाही. दुसरीकडून विकत घ्यायची तर वर्गणी काढावी लागेल. वर्गणीचं नाव निघताच जो तो घड्याळ बघायला लागला. मग एकमतानं ठरलं, ज्यानं त्यानं जेवायला आपापलं ताट आणावं आणि घरी नेऊन घासावं. इतकी वर्षं जे जमत नव्हतं ते पाच मिनिटांत जमलं.

अप्पांच्या गोडाऊनात देवाच्या नावाच्या पत्रावळ्या छतापर्यंत शिल्लक होत्या. विकता येईनात, कारण घेणार कोण? टाकता येईनात, जाळता येईनात, का ते आता सांगायला नको. मल्लम्मा म्हणाली, द्यावाचं नाव हाय तर दिवा तरी लावा. तेव्हापासून अप्पा रोज सकाळी गोडाऊन झाडतात, पत्रावळ्यांच्या थप्पीला उदबत्ती ओवाळतात आणि परत कुलूप लावतात. असं दैवत साऱ्या मराठवाड्यात दुसरं नसेल.

कार्तिकातल्या सोमवारी भंडारा झाला. माणसं काखेत ताटं मारून आली, त्यांत जेवली आणि ताटं घेऊन घरी गेली. रस्ता स्वच्छ, नाला स्वच्छ. ग्यानोबांनी माइकवर सगळ्यांचे आभार मानले, मंडपवाल्यापासून वाढप्यांपर्यंत. एकच नाव गाळलं. मंजुषाताई मुद्दाम आल्या होत्या, ताटांचे फोटो काढत होत्या. मला म्हणाल्या, "बाई, बदल व्हायला वेळ लागतो, पण जागृती केली की होतो." मी हो म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, आणि मला एका दिवसात दोन माणसांची मनं मोडलेली बघायची नव्हती. दुसरं मन कुणाचं ते मला देवळातून दिसत होतं. समोर अप्पांच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं आणि आत ते गल्ल्यावर बसून होते. त्यांना कुणी 'येऊ नका' म्हटलं नव्हतं. 'या' असंही म्हटलं नव्हतं.

पंक्ती उठल्यावर अयोध्या एक भरलेलं ताट घेऊन रस्ता ओलांडून तिकडं निघाली. ते बघून मी मागोमाग गेले. तिनं शटरखालून वाकून आत जाऊन ताट अप्पांपुढं ठेवलं. पुरी, भाजी, भात, वर हुग्गी.

"जेवा," ती म्हणाली. "आन् ताट घासून द्या. मला राती लागतंय."

अप्पा जेवले. खाली मान घालून, हुग्गीचा शेवटचा कण निपटून. मल्लम्मा ताट न्यायला आली तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." स्वतः उठले, मागच्या नळावर गेले, राख घेतली आणि उकिडवे बसून ताट घासलं. जन्मभर न घासायची ताटं विकलेला माणूस, त्याला ते नीट जमत नव्हतं. पाणी ओतलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि उजेडात धरलं. ताटाच्या काठावर ठोकून कोरलेली अक्षरं होती, लग्नात भांड्यांवर घालतात तशी. घासून घासून झिजली होती. अप्पांनी चष्मा वर करून ती वाचली.

"मामा दयानंद यांजकडून." मग अयोध्याकडे बघून म्हणाले, "ह्ये कोन?"

"माजा मामा. लग्नात दिलं व्हतं त्यानं. जाऊन लई वर्सं झाली त्याला." अयोध्यानं ताट हातात घेतलं आणि पदरानं पुन्हा एकदा पुसलं. "म्या रोज ह्याच्यावरच जेवती."